हाँगकाँगचं पेटंट आणि ठाण्याची फिरकी: स्वतःच्या पायावर उभ्या राहिलेल्या पेटंट व्यवस्थेत अर्ज कसा करायचा

कानातल्याची फिरकी हरवली नाही असं घर ठाण्यात शोधून सापडायचं नाही. समजा, वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या युनिटने त्यावर तोडगा काढला: आतल्या बारीक स्प्रिंगमुळे दांडीवर आपोआप घट्ट बसणारी आणि दोन्ही बाजूंनी दाबल्याशिवाय न निघणारी फिरकी. जांभळी नाक्यावरच्या एका सराफाने नमुना बघून मान डोलावली. (इथे एक चूक होऊन गेली, तिच्याकडे पुढे येतो.) हाँगकाँगच्या एका दागिने व्यापाऱ्यानेही चौकशी केली. आता मालक विचारतात, "तिकडे पेटंट घ्यायचं तर चीनमधूनच जावं लागतं ना?"

हा प्रश्न मला ठाणे, रबाळे, महापे इथल्या कारखानदारांनी इतक्या वेळा विचारलाय की उत्तर एकदा नीट लिहून ठेवावं म्हटलं. १८ डिसेंबर २०१९ पर्यंत २० वर्षांच्या पेटंटासाठी उत्तर साधारण "हो" असंच होतं, फक्त चीनऐवजी ब्रिटन किंवा युरोपची वाटही होती. १९ डिसेंबर २०१९ पासून ते "गरज नाही" असं झालं. पण "गरज नाही" म्हणजे "तिकडून जाऊच नका" नव्हे, आणि पैसे वाया जातात ते नेमके हा फरक न कळल्याने.

आधी हे समजून घ्या: पेटंट कुणाच्या जोरावर उभं आहे?

कुठल्याही छोट्या प्रदेशात पेटंटचे पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: इथलं कार्यालय शोध स्वतः तपासून हक्क देतं, की दुसऱ्याने दिलेल्या हक्कावर शिक्का मारतं? जर्सी, जिब्राल्टर अशा प्रदेशांत ब्रिटनचं पेटंट आणून नोंदवण्याची पद्धत आहे. हाँगकाँगचंही बरीच वर्षं तसंच होतं. ब्रिटिश अमदानीत ब्रिटनचं किंवा ब्रिटनसाठी दिलेलं युरोपियन पेटंट तिथे नोंदवायचं, की झालं.

१९९७ मध्ये हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे जाणार होतं, त्या हस्तांतरणाच्या तोंडावर ते चालणार नव्हतं. हाँगकाँगच्या मूलभूत कायद्याचं (तिथल्या राज्यघटनेसारख्या 'बेसिक लॉ'चं) कलम १३९ सांगतं की विज्ञान-तंत्रज्ञानाचं धोरण तिथल्या सरकारने स्वतः ठरवावं आणि पेटंटना कायद्याने संरक्षण द्यावं. २७ जून १९९७ रोजी नवा पेटंट कायदा लागू झाला. पण त्यानेही २० वर्षांच्या पेटंटची तपासणी बाहेरच ठेवली. चीन, ब्रिटन आणि युरोपियन पेटंट कार्यालय (तेही ब्रिटनसाठी) ही तीन 'नियुक्त' कार्यालयं ठरली. तिथला अर्ज आणि तिथलं पेटंट दाखवून हाँगकाँगमध्ये दोन टप्प्यांत पुनर्नोंदणी करायची. कायदा स्वतःचा झाला, पण निवाडा अजून उसनाच होता.

आपल्याकडची एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. हिंदुस्थानातला पहिला पेटंट कायदा १८५६ चा. कोलकात्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग यांनी पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी त्याखाली अर्ज केला. पण कायदा करताना राणीची मंजुरीच घेतली नव्हती, म्हणून १८५७ मध्ये तो मागे घ्यावा लागला आणि १८५९ मध्ये नव्याने आणावा लागला. पुढे स्वातंत्र्यानंतर बक्षी टेकचंद समिती, मग न्या. राजगोपाल अय्यंगार यांचा १९५९ चा अहवाल, त्यावर बेतलेला १९७० चा कायदा आणि २० एप्रिल १९७२ पासून त्याची अंमलबजावणी. म्हणजे स्वतःचा म्हणावा असा पेटंट कायदा हाती यायला आपल्यालाही स्वातंत्र्यानंतर २५ वर्षं लागली.

हाँगकाँगने घाई केली नाही, आणि माझ्या मते तेच शहाणपणाचं होतं. २०११ मध्ये आढावा समिती नेमली. 'स्वतःची थेट मंजुरी सुरू करा, पण पुनर्नोंदणीची जुनी वाट बंद करू नका' ही शिफारस २०१३ मध्ये आली. त्याच वर्षाच्या अखेरीस चीनच्या पेटंट कार्यालयाशी तपासनीसांचं प्रशिक्षण आणि तांत्रिक मदत यांचा करार झाला. कायद्यात दुरुस्ती २०१६ मध्ये, आणि ती प्रत्यक्ष लागू झाली २०१९ च्या डिसेंबरात. सखोल तपासणी (शोध खरंच नवा आणि पेटंटलायक आहे का ते पाहणं) पूर्णपणे स्वतःच्या बळावर करायचं उद्दिष्ट २०३० पर्यंतचं आहे. म्हणजे कायद्याने स्वतंत्र झालेलं कार्यालय तपासणीच्या कामात अजून शेजाऱ्याची मदत घेतं. सिंगापूरही असंच पायरी पायरीने गेलं. तिथे १९९५ पर्यंत ब्रिटनचं पेटंट नोंदवलं जाई, मग स्वतःचा कायदा आला, पण तपासणीचं काम ऑस्ट्रिया, डेन्मार्क, हंगेरी, ऑस्ट्रेलिया इथल्या कार्यालयांकडून करून घेतलं जाई. परदेशी निकालावर टेकायची वाट तिथे १ जानेवारी २०२० पासूनच्या अर्जांसाठी बंद झाली. हाँगकाँगने ती उघडी ठेवली आहे, आणि आपल्या फिरकीवाल्याला नेमका तिथेच निर्णय घ्यायचाय.

पायरी १: अर्ज होईपर्यंत तोंड बंद

सराफाला नमुना दाखवला ती चूक इथे महागात पडू शकते. गुप्ततेचा करार न करता शोध कुणाला दाखवला तर तो उघड झाला, असं समोरचा म्हणू शकतो, आणि उघड झालेली गोष्ट 'नवी' उरत नाही. हाँगकाँगमध्ये सवलत फारच अरुंद आहे. कुणी तुमचा विश्वासघात करून माहिती फोडली, किंवा अधिकृत मान्यतेच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात शोध मांडला, एवढ्यापुरतीच ती मिळते, आणि तीही सहा महिन्यांची. नेहमीची व्यापारी जत्रा त्यात मोजली जात नाही. माझ्याकडे एक गृहस्थ जत्रेतून परत आल्यावर फाइल घेऊन आले होते. स्टॉलवर फोटो काढलेले, व्हॉट्सअ‍ॅपवर पन्नास जणांना पाठवलेले. आता काय अर्ज करणार? त्यांच्या डिझाइनमध्ये एक नवी सुधारणा शोधून तेवढ्यापुरता अर्ज करावा लागला. मूळ कल्पना गेली ती गेलीच.

सराफाला दाखवून झालंच असेल तर तारीख, वेळ, कोण हजर होतं आणि काय बोलणं झालं ते आजच लिहून ठेवा, आणि एजंटापासून लपवू नका.

पायरी २: पहिला अर्ज इथेच, मुंबई कार्यालयात

महाराष्ट्रातले अर्ज अँटॉप हिलच्या बौद्धिक संपदा भवनात जातात. हार्बर लोकल पकडून जायची गरज मात्र नाही. पेटंट एजंटला सगळं ऑनलाइनच भरावं लागतं. स्वतः भरणार असाल तर डिजिटल सही हवी.

मसुदा पक्का नसेल तर प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज करा. बारा महिन्यांत पूर्ण अर्ज दिलात की पहिली तारीख टिकते. उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या युनिटला, स्टार्टअपला किंवा वैयक्तिक अर्जदाराला ऑनलाइन अर्जाचं शुल्क १,६०० रुपये, मोठ्या कंपनीला ८,०००. यात ३० पानं आणि १० दावे (शोधातल्या नेमक्या कशावर हक्क मागताय ते सांगणारी वाक्यं) येतात, पुढच्या प्रत्येक पानाचे आणि दाव्याचे वेगळे. तपासणीच्या विनंतीचे ४,००० आणि २०,०००. छोट्या युनिटची सवलत घेताना फॉर्म २८ आणि उद्यमचा दाखला जोडायला विसरू नका.

प्रोव्हिजनल म्हणजे चार ओळींची चिठ्ठी, हा समज सोडा. पुढे हाँगकाँगमध्ये याच तारखेवर प्रायॉरिटी मागायची आहे, म्हणजे 'आमचा शोध या तारखेचा धरा' असं म्हणायचं आहे, आणि त्यात जे लिहिलं नसेल त्याला ही तारीख मिळणार नाही. स्प्रिंगचा आकार, ती कुठे बसते, दाबल्यावर पकड कशी सुटते, स्प्रिंगऐवजी दुसरं काही वापरलं तर काय, हे सगळं आकृत्यांसह आत्ताच द्या. फिरकी दिसायला वेगळी असेल तर तिच्या रूपाची डिझाइन नोंदणी स्वतंत्रपणे करता येते, पण डिझाइनला प्रायॉरिटीची मुदत सहाच महिन्यांची असते.

पायरी ३: देशाबाहेर जाण्याची परवानगी

ही पायरी लोक सर्रास विसरतात. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३९ म्हणतं की भारतात राहणाऱ्याने परदेशात अर्ज करण्याआधी एक तर इथे अर्ज करून सहा आठवडे थांबावं, आणि त्या काळात गुप्ततेचा आदेश निघालेला नसावा, किंवा फॉर्म २५ भरून परवानगी घ्यावी. फॉर्म २५ छोट्यांना १,६०० रुपयांत होतो आणि साधारण २१ दिवसांत निकाली निघतो. यात राहण्याचं ठिकाण बघतात, नागरिकत्व नाही. म्हणून हाँगकाँगच्या भागीदाराच्या नावाने तिकडे गुपचूप अर्ज टाकू, ही युक्ती चालत नाही. संशोधक वागळे इस्टेटमध्ये बसलाय. नियम मोडला तर भारतातला अर्ज सोडून दिला असं मानलं जातं, पेटंट मिळालं असेल तर रद्द होऊ शकतं, आणि दंड किंवा दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे ती वेगळी.

मी स्वतः सहा आठवडे थांबण्यापेक्षा फॉर्म २५ करून घेतो. लेखी परवानगी हातात असली की पुढे कुणी प्रश्न विचारत नाही.

पायरी ४: तीन वाटांतली एक निवडा

लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच, सावकाश वाचा.

पहिली वाट म्हणजे थेट मंजुरी. भारतातल्या अर्जाची प्रायॉरिटी घेऊन बारा महिन्यांत हाँगकाँगच्या बौद्धिक संपदा विभागात सरळ अर्ज करायचा. एका देशातल्या अर्जाची तारीख दुसऱ्या देशात मान्य करणारा पॅरिस करार भारत आणि हाँगकाँग दोन्हीकडे लागू आहे, म्हणून हे जमतं. अर्जाची सखोल तपासणी होते आणि पेटंट मिळालं तर त्याची मुदत हाँगकाँगमधल्या अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं. २०१९ च्या सुधारणेने आपल्यासारख्यांना दिलेली खरी देणगी ही. त्याआधी भारतातला अर्ज हाँगकाँगमधल्या २० वर्षांच्या पेटंटसाठी थेट उपयोगाचा नव्हता, कारण भारताचं कार्यालय नियुक्त यादीत नव्हतं. आजही नाही.

दुसरी वाट जुनीच, पुनर्नोंदणीची. चीन, ब्रिटन किंवा युरोपात अर्ज केला असेल तर तो तिथे प्रसिद्ध झाल्यापासून सहा महिन्यांत हाँगकाँगमध्ये नोंदवण्याची विनंती द्यायची. मग तिथे पेटंट मिळालं की सहा महिन्यांत दुसरी विनंती. (हाँगकाँगमधली पहिली विनंती नंतर प्रसिद्ध झाली असेल तर मुदत त्या तारखेपासून मोजतात.) पीसीटीने (एकाच आंतरराष्ट्रीय अर्जाने अनेक देशांची वाट खुली ठेवणाऱ्या करारानुसार) जाणाऱ्यांनाही याच वाटेने यावं लागतं. पीसीटीचा अर्ज २० वर्षांच्या पेटंटसाठी थेट हाँगकाँगमध्ये नेता येत नाही. आधी चीन, ब्रिटन किंवा युरोपात राष्ट्रीय टप्प्यात शिरायचं, म्हणजे तिथल्या कार्यालयात तो अर्ज पुढे न्यायचा, मग हाँगकाँग.

तिसरी वाट अल्पमुदतीच्या पेटंटची. सखोल तपासणी नाही, मान्यताप्राप्त कार्यालयाचा शोध अहवाल (असं आधी कुणी केलंय का, याच्या धांडोळ्याचा) जोडायचा, आणि हक्क लवकर मिळतो. मुदत चार वर्षं, नूतनीकरण केलं तर एकूण आठ. पूर्वी यात एकच स्वतंत्र दावा चालत असे, आता दोन चालतात. पण मंजुरीनंतर तुम्ही स्वतः किंवा कायदेशीर हितसंबंध असलेला दुसरा कुणी सखोल तपासणी मागू शकतो. आणि कुणाला कोर्टात खेचायचं असेल तर पेटंट तपासलेलं तरी असावं, नाहीतर निदान तपासणीची विनंती केलेली असावी. म्हणजे हक्क लवकर मिळाला तरी तो वापरायच्या वेळी परीक्षा द्यावीच लागते.

फिरकीसाठी काय निवडायचं? मी मालकांना उलट प्रश्न विचारतो: नक्कल कुठे बनेल? हाँगकाँगमध्ये माल विकला जातो, पण असले सुटे भाग बनतात बहुधा पलीकडे, शेनझेनच्या बाजूला. हाँगकाँगचं पेटंट शेनझेनमधल्या कारखान्याला हात लावू शकत नाही. ते फक्त हाँगकाँगपुरतं, शेजारच्या मकावलाही नाही. नक्कल चीनमध्ये होणार असेल तर चीनमध्ये अर्ज करावाच लागेल, आणि तो केला की हाँगकाँगची पुनर्नोंदणी त्यामानाने स्वस्तात पदरात पडते. अशा वेळी थेट मंजुरीसाठी दुसऱ्यांदा पूर्ण तपासणीचा खर्च कशाला करायचा? फक्त एक गोम आहे. पुनर्नोंदणी चीनच्या 'शोध' (इन्व्हेन्शन) पेटंटवर होते, तिथल्या युटिलिटी मॉडेल नावाच्या दहा वर्षांच्या छोट्या पेटंटवर नाही. चीनमध्ये स्वस्त म्हणून युटिलिटी मॉडेल घेतलंत तर त्यावरून हाँगकाँगचं २० वर्षांचं पेटंट मिळायचं नाही.

उलट, चीनकडे जायचंच नसेल, खरेदीदार हाँगकाँगमध्ये असेल आणि माल ठाण्यातूनच बनून न्हावा-शेव्यातून जाणार असेल, तर थेट मंजुरी किंवा अल्पमुदतीचं पेटंट. फिरकीसारख्या वस्तूचं आयुष्य आठ वर्षांपलीकडे जाईल का, हे तुमच्या धंद्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मला विचाराल तर साध्या यांत्रिक वस्तूला अल्पमुदतीचं पेटंट पुरतं. औषध, रसायन किंवा एखादी नवी प्रक्रिया असेल, तळोजा-तुर्भ्याच्या युनिटमधली, तर मात्र २० वर्षांकडे बघा.

पायरी ५: कागद आणि माणूस

कागदांची यादी लांबलचक नाही. शोधाचं सविस्तर वर्णन, दावे, आकृत्या, गोषवारा, आणि भारतातल्या अर्जाची प्रमाणित प्रत. अर्ज इंग्रजीत चालतो, पण शीर्षक आणि गोषवारा इंग्रजी आणि चिनी दोन्ही भाषांत लागतो, त्यामुळे भाषांतर आधी करून घ्या. पत्रव्यवहारासाठी हाँगकाँगमधला पत्ता लागतो. तो तिथला सल्लागार देतो.

अल्पमुदतीच्या अर्जासाठी शोध अहवाल तिन्ही नियुक्त कार्यालयांचा चालतो, तसाच पीसीटीखालच्या आंतरराष्ट्रीय शोधसंस्थांचाही. भारताचं पेटंट कार्यालय २०१३ पासून अशा संस्थांमध्ये आहे. अहवाल बारा महिन्यांच्या आत हातात पडेल की नाही याचा हिशेब मात्र सुरुवातीलाच मांडा.

तिथला सल्लागार निवडताना नुसत्या पदवीकडे पाहून हुरळून जाऊ नका. सुधारणेनंतर 'नोंदणीकृत पेटंट एजंट' अशा धाटणीच्या पदव्या मन मानेल तशा वापरायला तिथे बंदी आहे. तो कुठल्या देशात पात्र आहे ते विचारा, आणि मसुदा नेमका कोण लिहिणार तेही. कोटेशन घेताना सरकारी शुल्क, त्यांची फी आणि भाषांतर यांचे आकडे सुटे मागवा. एकत्र आकडा दिला की हमखास नंतर काहीतरी वाढतं.

पायरी ६: तारखा भिंतीवर लावा

समजा, भारतातला प्रोव्हिजनल अर्ज २ मार्च २०२६ ला झाला. भारतातला पूर्ण अर्ज आणि हाँगकाँगचा अर्ज दोन्ही २ मार्च २०२७ च्या आत. चीनमध्ये जायचं असेल आणि पीसीटी करायचं नसेल, तर तोही त्याच दिवसापर्यंत. अठरा महिने म्हणजे सप्टेंबर २०२७ च्या सुमारास अर्ज प्रसिद्ध होतात. चीनची वाट धरली असेल तर प्रसिद्धीची नेमकी तारीख बघून तिथून सहा महिने मोजा, म्हणजे साधारण मार्च २०२८. हा टप्पा सगळ्यात जास्त चुकतो, कारण चीनच्या सल्लागाराला हाँगकाँगशी देणंघेणं नसतं आणि आपल्याला चीनमधली प्रसिद्धीची तारीख कुणी कळवत नाही.

थेट मंजुरीत तपासणीची विनंती प्रायॉरिटीच्या तारखेपासून तीन वर्षांत, म्हणजे २ मार्च २०२९ पर्यंत. भारतात हीच विनंती नव्या नियमांप्रमाणे ३१ महिन्यांत, म्हणजे २ ऑक्टोबर २०२८ पर्यंत द्यावी लागते. पूर्वीचे ४८ महिने डोक्यात ठेवून बसलेले बरेच जण आहेत, त्यांनी आजच कॅलेंडर दुरुस्त करावं. परदेशात अर्ज केल्याची माहिती फॉर्म ३ मधून भारताच्या कार्यालयाला द्यायची असते, आणि पहिला तपासणी अहवाल आल्यावर तीन महिन्यांत ती पुन्हा अद्ययावत करायची.

पायरी ७: तपासणी आणि त्यानंतर

भारताच्या तपासनीसाने घेतलेली हरकत हाँगकाँगचा तपासनीस घेईलच असं नाही, आणि उलटही होतं. पॅरिस करारानुसार एकेका देशातलं पेटंट दुसऱ्यापासून स्वतंत्र असतं. पण इथे लिहून दिलेलं उत्तर तिथल्या प्रतिपक्षाच्या वकिलाला वाचता येतं. एका ठिकाणी 'स्प्रिंग हाच आमचा शोध' आणि दुसऱ्या ठिकाणी 'स्प्रिंग कुठलीही चालेल' असं लिहून ठेवू नका. दोन्हीकडची उत्तरं एकाच माणसाच्या नजरेखालून गेली पाहिजेत.

पुनर्नोंदणीने मिळालेलं पेटंटही मंजुरीनंतर हाँगकाँगच्या न्यायालयात स्वतंत्रपणे लढतं. मात्र मूळ कार्यालयात विरोधाच्या कार्यवाहीत ते रद्द झालं तर त्याचा फटका इकडेही बसतो. थेट मंजुरीत हा दोर नाही. चीनमध्ये काहीही होवो, हाँगकाँगचं पेटंट आपल्या गुणावर टिकेल किंवा पडेल.

थेट मंजुरीच्या पेटंटला तिसऱ्या वर्षानंतर दरवर्षी नूतनीकरणाचं शुल्क लागतं, तर अल्पमुदतीच्याला चौथं वर्ष संपण्याआधी एकदाच. ती तारीख सल्लागाराच्या भरवशावर न ठेवता युनिटच्या अकाउंटंटच्या डायरीत, जीएसटीच्या तारखांच्या शेजारी लिहून ठेवा, म्हणजे ती नजरेआड होत नाही.

आणि जांभळी नाक्यावरच्या त्या सराफाकडून दोन ओळींच्या गुप्ततेच्या पत्रावर आज संध्याकाळीच सही घ्या. नमुना अजून त्याच्या ड्रॉवरमध्ये असेल तर तो परत आणा.